पाठीतली वीज, पायातली आग

मणक्याचं ऑपरेशन झालं. सरकलेली गादी काढली, नसेवरचा दाब गेला, नवा एमआरआय स्वच्छ आला. सर्जन म्हणाले, आता काळजी नाही. तरीही वर्षभराने पायातली आग तशीच आहे. रात्री चादरीचा नुसता स्पर्श पायाला सोसत नाही. चालताना मांडीपासून घोट्यापर्यंत करंट लागल्यासारखी चमक येते. तळव्याच्या ज्या भागाला स्पर्श कळत नाही, नेमका तोच भाग जळत असतो. गोळ्या वाढवल्या की गुंगी येते, कमी केल्या की झोप उडते. घरातली माणसं हळूहळू 'आज कसं आहे?' हे विचारायचंही थांबवतात. अशा रुग्णांपैकी काहींना पेन क्लिनिकमध्ये एक उपाय सुचवला जातो: मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला बारीक तार बसवायची आणि तिच्यातून सौम्य वीज सोडायची. याचं नाव स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन. डॉक्टरांच्या बोलण्यात एससीएस.

'पाठीत करंट' हे शब्द कानावर पडले की माणूस आधी घाबरतो आणि मग एकदम आशा धरतो. ओपीडीतल्या दहा मिनिटांत ना त्या भीतीचं समाधान होतं, ना त्या आशेला आकार येतो. म्हणून इथे सगळं सावकाश सांगायचं आहे. माझं मत मात्र आधीच सांगून ठेवतो. या उपचारातली सर्वांत मोलाची गोष्ट ही की तो कायमचा पत्करण्याआधी काही दिवस वापरून बघता येतो. गादी काढण्याचं किंवा मणक्यात स्क्रू बसवण्याचं ऑपरेशन 'करून बघू' म्हणून करता येत नाही. हे करता येतं. ही सोय रुग्णाने पुरेपूर वापरायला हवी.

आधी दुखण्याबद्दल. बोट कापलं, हाड मोडलं, दाढ सुजली, तर त्या जागी इजा झालेली असते आणि मज्जातंतू तिची खबर मेंदूला पोचवतात. इजा बरी झाली की खबर थांबते. मज्जातंतूंच्या दुखण्यात बिघाड खबर नेणाऱ्या यंत्रणेतच असतो. दबलेली, कापली गेलेली किंवा साखरेने झिजलेली नस काहीही कारण नसताना संदेश पाठवत राहते. मज्जारज्जूतल्या ज्या पेशी हे संदेश घेतात, त्याही काही काळाने अतिसंवेदनशील होतात. मग साधा स्पर्श, वारा, पायमोजा, सगळंच दुखणं म्हणून वर जातं. पॅरासिटामॉल किंवा सूज कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही, तो यामुळेच. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन ही औषधं वेगळ्या मार्गाने काम करतात आणि पुष्कळांना आराम देतात. ज्यांना ती देत नाहीत किंवा ती झेपत नाहीत, त्यांच्यासाठी पुढचा विचार सुरू होतो.

आता वीज का, हे समजून घेऊ. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की हात आपोआप तिथे जाऊन चोळायला लागतो आणि कळ थोडी ओसरते. हे का घडतं, याचं शास्त्रीय उत्तर रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. त्वचेकडून मज्जारज्जूकडे येणारे काही तंतू जाड आणि वेगवान असतात. ते स्पर्श, दाब, कंपन यांची खबर आणतात. काही बारीक आणि संथ असतात. ते वेदना आणतात. दोन्ही मज्जारज्जूच्या मागच्या भागात एकाच ठिकाणी येऊन पोचतात. मेलझॅक आणि वॉल यांचं म्हणणं असं की तिथे एक फाटक आहे. जाड तंतूंची वर्दळ वाढली की ते मिटायला लागतं आणि बारीक तंतूंनी आणलेली वेदना वर जायला वाट कमी उरते. चोळण्याने आपण जाड तंतूंची वर्दळ वाढवतो. त्यांच्या मांडणीतल्या जोडण्यांचे बरेच तपशील पुढे दुरुस्त करावे लागले, पण वेदना मेंदूपर्यंत जाण्याआधी मज्जारज्जूतच तिला आवर घालता येतो, हा मुख्य विचार टिकला. या विचारावर वॉल आणि बॉस्टनचे न्यूरोसर्जन विल्यम स्वीट यांचा इतका विश्वास होता की त्यांनी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या नसेत सुई खुपसून वीज सोडून पाहिली.

शरीराची रचना इथे मदतीला येते. स्पर्शाचे हे जाड तंतू मज्जारज्जूत शिरल्यावर त्याच्या अगदी मागच्या बाजूने, पाठीच्या कातडीच्या दिशेला, एकत्र जुडीने मेंदूकडे चढतात. वेदनेचा मुख्य मार्ग पुढच्या आणि कडेच्या बाजूने जातो. म्हणजे पाठीकडून आत गेलेल्या तारेला आधी भेटतात ते आपल्याला हवे असलेले जाड तंतूच. त्यांना विजेचा सौम्य ठोका दिला की संदेश दोन्ही दिशांना पळतो. वर मेंदूकडे गेलेला संदेश मुंग्यांसारखा जाणवतो. खाली गेलेला संदेश त्या तंतूंच्या फांद्यांमधून मज्जारज्जूच्या मागच्या भागात उतरतो आणि तिथल्या आवर घालणाऱ्या पेशींना जागं करतो. त्या गाबा नावाचं रसायन सोडतात आणि अतिसंवेदनशील झालेल्या पेशी शांत होऊ लागतात. शिवाय मेंदूकडून खाली येणारे वेदनाशामक मार्गही यात सामील होतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते आणि ती रुग्णांना हमखास विचारावीशी वाटते. हे यंत्र शरीर बधिर करत नाही. यंत्र चालू असताना पायाला काटा लागला, चटका बसला, तर तो कळतो. घसरून पडल्यावर हाड मोडलं तर तेही दुखतं. आवर बसतो तो बिघडलेल्या नसेच्या सततच्या कोलाहलाला. याचीच दुसरी बाजू अशी की गुडघ्याची झीज किंवा सांध्याची सूज यांसारख्या दुखण्याला या यंत्राचा उपयोग नाही.

माणसावर पहिला प्रयोग १९६७ मध्ये झाला. अमेरिकेत क्लीव्हलँडला नॉर्मन शीली या न्यूरोसर्जनने कर्करोगाच्या असह्य वेदना असलेल्या एका वृद्ध रुग्णाच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवला. थॉमस मॉर्टिमर या तरुण अभियंत्याने विजेचा भाग सांभाळला होता. वेदना कमी झाली. रुग्ण मुळातच फार आजारी होता आणि लवकरच गेला. तेव्हाची यंत्रं हृदयाच्या पेसमेकरच्या तंत्रावर बेतलेली होती. तार बसवण्यासाठी मणक्याचं हाड कापावं लागे आणि वीज शरीराबाहेरच्या यंत्रातून रेडिओलहरींनी आत पोचवावी लागे. तारा तुटत, सरकत, आणि रुग्णांची निवडही तेव्हा नीट होत नसे. उपचाराचं नाव काही काळ बिघडलं, ते या कारणांनी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने धड आणि हातपाय यांच्या जुनाट वेदनेसाठी त्याला मान्यता दिली ती १९८९ मध्ये.

आज काय करतात, ते क्रमाने पाहू. दुखतो पाय, पण तार जाते छातीच्या मागच्या मणक्यांपर्यंत. हे ऐकून रुग्ण चकित होतात. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो; त्याखाली असतो तो नसांचा झुपका. पायाकडून आलेले स्पर्शाचे तंतू जुडीने गाठायचे तर त्या शेवटाच्या वर जावं लागतं. म्हणून कंबर आणि पाय यांच्या दुखण्यासाठी तारेचं टोक साधारण छातीच्या आठव्या ते दहाव्या मणक्यांच्या पातळीवर ठेवतात. हाताच्या दुखण्यासाठी ते मानेत न्यावं लागतं. तार मज्जारज्जूत खुपसत नाहीत. मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा द्रव असतो, त्याला वेढणारं जाड आवरण असतं, आणि त्या आवरणाच्याही बाहेर, हाडाच्या आत, चरबी आणि रक्तवाहिन्यांची एक अरुंद पोकळी असते. बाळंतपणात एपिड्यूरल भूल देतात ती याच पोकळीत. तार तिथेच राहते.

आता ट्रायल, म्हणजे काही दिवस वापरून बघण्याचा टप्पा. रुग्णाला टेबलावर पालथं झोपवतात आणि पोटाखाली उशी देतात, म्हणजे मणके जरा उघडतात. सुईच्या जागेपुरती भूल असते. फार तर गुंगीचं थोडं औषध देतात, पण पूर्ण झोपवत नाहीत. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर मणके दिसत असतात. कमरेच्या वरच्या भागातून एक पोकळ, टोकाशी किंचित वळलेली सुई तिरकी आत जाते. तिला जोडलेल्या सिरिंजचा दट्ट्या डॉक्टर अंगठ्याने हलके दाबत असतात. मणक्यांना बांधणाऱ्या चिवट बंधामधून सुई जात असते तोवर दट्ट्या हटत नाही. बंध ओलांडून ती पोकळीत शिरली की तो एकदम सैल पडतो. या खुणेवर आणि पडद्यावरच्या चित्रावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मग सुईतून तार सरकवतात. ती जाडीला मिलिमीटरभराहून थोडी जास्त असते आणि तिच्या टोकाजवळ बहुधा आठ छोट्या धातूच्या कड्या असतात. वीज कोणत्या कडीतून निघावी आणि कोणत्या कडीत परतावी, हे नंतर बाहेरून बदलता येतं.

तार जागेवर आली की वीज सुरू होते आणि डॉक्टर विचारतात, 'काही जाणवतंय का? कुठे?' इथे रुग्णाचं उत्तरच डॉक्टरांना दिशा देतं. मुंग्या उजव्या पायात आल्या आणि दुखणं डाव्या पायात असेल तर तार थोडी डावीकडे घ्यावी लागते. बरगडीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटलं तर ती फार कडेला गेलेली असते. दुखणाऱ्या भागावर मुंग्यांचं पांघरूण पूर्ण बसेपर्यंत हा संवाद चालतो. म्हणूनच त्या वेळी जागं राहणं गरजेचं. 'बरं वाटतंय' असं डॉक्टरांना खूश करण्यासाठी म्हणू नका. 'घोट्यापर्यंत आहे, तळव्यात नाही' असं नेमकं सांगा.

काम संपलं की तार कातडीला टाक्याने किंवा चिकटपट्टीने पक्की करतात. तिचं बाहेरचं टोक कमरेच्या पट्ट्यात बसेल अशा छोट्या यंत्राला जोडतात आणि रुग्णाला घरी पाठवतात. पुढचे काही दिवस, साधारण तीन ते दहा, ही परीक्षा चालते. अंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. कमरेत वाकायचं नाही, अंगाला पीळ द्यायचा नाही, दोन्ही हात डोक्यावर ताणायचे नाहीत, कारण तार सैल असते आणि सहज सरकते.

पण याचा अर्थ पडून राहायचं असा नव्हे. माझा सर्वांत जास्त आग्रह इथे आहे. तार हलेल या भीतीने अनेकजण ट्रायलचे दिवस पलंगावर काढतात. पलंगावर पडून तर त्यांना आधीही जरा बरंच वाटत होतं. मग यंत्राची परीक्षा झाली कुठे? तुमचं आयुष्य ज्या गोष्टींवर अडलेलं होतं त्या, वाकणं-पिळणं टाळून, करून बघा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चाला. जिना चढा. स्वयंपाकघरात ओट्याशी किती वेळ उभं राहता येतं ते बघा. ज्या खुर्चीवर वीस मिनिटं बसवत नव्हतं तिच्यावर बसा. वही ठेवा. तिच्यात रोज वेदनेला दहापैकी गुण द्या, किती झोप लागली, किती चाललात, किती गोळ्या लागल्या, ते लिहा. अशीच वही ट्रायलच्या आधीच्या आठवड्याचीही हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार? घरातल्या एकाला आपलं निरीक्षण वेगळं लिहायला सांगा. तुमच्या चेहऱ्यावरचा फरक तुमच्याआधी त्यांना दिसतो, आणि नसलेला फरकही त्यांनाच दिसतो. मध्ये एकदा, डॉक्टरांना विचारून, काही तास यंत्र बंद करून पाहा.

वेदना निम्म्याने किंवा त्याहून कमी झाली तर ट्रायल यशस्वी, असा सर्वसाधारण दंडक आहे. मला तो अपुरा वाटतो. आकडा आठावरून चारवर आला, पण झोप, चालणं, गोळ्या यांपैकी काहीच बदललं नाही, तर घाई करू नये. उलट आकडा आठावरून पाचवर आला, पण माणूस रात्रभर झोपू लागला, तर त्यावर डॉक्टरांशी नीट बोलायला हवं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये १०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी ट्रायल घेतलेले आणि थेट कायमचं यंत्र बसवलेले, या दोन्ही गटांच्या वेदनेत सहा महिन्यांनी फरक आढळला नाही. त्यामुळे तिथले काही डॉक्टर ट्रायलची सक्ती नको म्हणतात. पण तिथे खर्च सरकारी आरोग्यसेवा करते. आपल्याकडे कुटुंबाला बचत मोडावी लागते, कधी दागिने. अशा वेळी पैसे पूर्ण गुंतवण्याआधी यंत्र आपल्या शरीरावर तपासून घेण्याचा हक्क सोडू नये, असं मी म्हणेन.

ट्रायल संपली की तार ओढून काढतात. ते बाह्यरुग्ण विभागातच होतं आणि दुखत नाही म्हटलं तरी चालेल. निकाल चांगला असेल तर जखम भरल्यावर कायमचं यंत्र बसवतात. या वेळी तार आतल्या घट्ट पडद्याला टाचतात, कातडीखालून बोगदा करून नितंबाच्या वरच्या भागात किंवा कुशीत आणतात आणि तिथल्या छोट्या कप्प्यातल्या बॅटरीला जोडतात. बॅटरी चार-पाच सेंटिमीटर रुंद आणि सेंटिमीटरभर जाड असते. तिची जागा ठरवताना रुग्णाने उभं राहून, बसून दाखवावं आणि आपण रोज काय नेसतो ते सांगावं. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा बरोबर बॅटरीवर आला तर पुढे रोजचा त्रास होतो. रिचार्ज न होणारी बॅटरी वापरानुसार साधारण दोन ते पाच वर्षं चालते. मग छोटं ऑपरेशन करून ती बदलावी लागते. रिचार्ज होणारी दहा वर्षं किंवा जास्त टिकते, पण तिला कातडीवरून नियमित चार्ज करावं लागतं. ज्यांना वयामुळे किंवा दृष्टीमुळे ते जमणार नाही त्यांनी पहिलीच घेतलेली बरी. काही रुग्णांत तारेऐवजी चपटी पट्टी बसवतात. ती कमी सरकते, पण तिच्यासाठी हाडाचा तुकडा काढावा लागतो.

पहिले सहा ते आठ आठवडे तार जागेवर रुजण्याचे. या काळात जमिनीवर वाकून केर काढणं, फरशी पुसणं, पाण्याची कळशी उचलणं, उकिडवं बसणं, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवणं, यातलं काहीही नको. आपल्याकडच्या घरांत हे सगळ्यांत अवघड जातं ते बायकांना, कारण त्यांनी आठ आठवडे वाकायचं नाही हे घरातल्या बाकीच्यांना पटावं लागतं. ते आधी पटवून घ्या, मग ऑपरेशनची तारीख घ्या.

विजेच्या लहरीही आता अनेक प्रकारच्या मिळतात. जुनी पद्धत सेकंदाला साधारण चाळीस ते साठ ठोक्यांची. तिच्यात मुंग्या जाणवतात आणि जाणवायलाच हव्यात. यात एक गंमत घडते. माणूस उताणा झोपला की मज्जारज्जू द्रवामधून किंचित मागे, तारेच्या जवळ येतो आणि मुंग्या एकदम तीव्र होतात. उठून बसला की सौम्य होतात. म्हणून रिमोट हाताशी लागतो. शरीराची स्थिती ओळखून वीज आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रंही आली आहेत. बर्स्ट पद्धतीत ठोके छोट्या-छोट्या गुच्छांत सोडतात. दुसऱ्या एका पद्धतीत सेकंदाला दहा हजार ठोके असतात आणि मुंग्या अजिबात येत नाहीत. ही पद्धत नेमकी कशी काम करते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. अलीकडची यंत्रं प्रत्येक ठोक्याला मज्जारज्जूने दिलेला विद्युत प्रतिसाद मोजतात आणि पुढचा ठोका त्याप्रमाणे बेततात.

उपयोग किती होतो? कॅनडातल्या रेजायना शहरात काम केलेले भारतीय वंशाचे न्यूरोसर्जन कृष्ण कुमार यांच्या नेतृत्वाखाली झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्याच्या ऑपरेशननंतरही पाय दुखत राहिलेले शंभर रुग्ण त्यात होते. सहा महिन्यांनी पायाची वेदना निम्म्याने किंवा जास्त कमी झालेले रुग्ण यंत्राच्या गटात ४८ टक्के होते, नुसत्या औषधोपचाराच्या गटात ९ टक्के. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. फरक मोठा आहे. आणि यंत्र बसवूनही निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांना तेवढा आराम मिळाला नाही. त्याच अभ्यासात वर्षभरात जवळपास एकतृतीयांश रुग्णांना यंत्राशी संबंधित काही ना काही तक्रार झाली. नेदरलँड्समध्ये सीआरपीएस या, इजेनंतर हात किंवा पाय सतत दुखत राहण्याच्या आजाराच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात पहिली दोन वर्षं फायदा दिसला, पाच वर्षांनी तो ओसरला. तरीही यंत्र बसवलेल्यांपैकी ९५ टक्के रुग्ण म्हणाले की एवढ्याच परिणामासाठी आम्ही पुन्हा हा उपचार घेऊ. मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या रुग्णांसाठी दहा हजार ठोक्यांच्या पद्धतीला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. मधुमेहींची संख्या दहा कोटींपलीकडे गेलेल्या आपल्या देशात या बातमीला वजन आहे, पण सुरुवात तरीही साखर आवरण्यापासून आणि पायांची निगा राखण्यापासूनच करायची.

विरोधातला पुरावाही तितक्याच ठळकपणे सांगायला हवा. नॉर्वेत पन्नास रुग्णांना काही महिने बर्स्ट पद्धतीची वीज आणि काही महिने बंद यंत्र, असं त्यांना न कळू देता आलटून-पालटून दिलं गेलं. २०२२ मध्ये आलेल्या निकालात दोन्ही काळांत पाठदुखीने येणाऱ्या अडचणींत फरक आढळला नाही. वापरलेली वीज नेहमीच्या पद्धतीची नव्हती, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला. २०२३ मध्ये कोक्रेन संस्थेने कंबरदुखीवरचे तेरा अभ्यास एकत्र तपासले आणि या दुखण्यासाठी हे यंत्र नेहमीच्या वापरात आणण्याइतका आधार नाही, असा निष्कर्ष काढला. माझा निष्कर्ष असा: नुसत्या कंबरदुखीसाठी कोणी हे यंत्र सुचवलं तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. नसेच्या दुखण्यासाठी, विशेषतः पायात उतरणाऱ्या आगीसाठी, पुरावा जास्त भक्कम आहे.

धोके कोणते? सर्वांत जास्त वेळा तार सरकते किंवा तुटते. अशा वेळी वेदना एकाएकी परतते आणि एक्स-रेत कारण दिसतं. शेकड्यात काही रुग्णांना जंतुसंसर्ग होतो आणि तसं झालं तर बहुधा सगळं यंत्र काढावं लागतं. ज्यांची साखर आटोक्यात नाही आणि जे धूम्रपान करतात त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. सुईने आवरणाला भोक पडलं तर काही दिवस डोकं भयंकर दुखतं. मज्जारज्जूजवळ रक्त साठून पाय लुळे पडण्याचा धोका फार क्वचित असतो, पण तो असतो. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल एक शब्दही लपवू नका. त्या कधी थांबवायच्या हे हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. कुठेतरी संसर्ग चालू आहे, रक्त गोठत नाही, किंवा मज्जारज्जूवर दाब आहे आणि त्यासाठी ऑपरेशनच हवं आहे, अशा रुग्णांसाठी हे यंत्र नाही.

डॉक्टर मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात तेव्हा पुष्कळांना राग येतो. 'म्हणजे माझं दुखणं मनातलं आहे का?' तसं मुळीच नाही. वर्षानुवर्षं न झोपलेल्या माणसाला नैराश्य आलेलं असतं. त्यावर उपचार न करता यंत्र बसवलं तर चांगला परिणामही चांगला वाटत नाही. ती भेट तुमच्याच बाजूची आहे.

यंत्र बसल्यावर त्याचं ओळखपत्र पाकिटात ठेवा. एमआरआय करायची वेळ आली तर आधी यंत्राचं मॉडेल सांगा. काही यंत्रांना ठरावीक अटींवर तो चालतो, काहींना चालत नाही. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सर्रास वापरलं जाणारं शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन तुमच्यासाठी पूर्ण वर्ज्य आहे. त्यामुळे तार तापून मज्जारज्जूला इजा होऊ शकते, हे फिजिओथेरपिस्टला स्वतःहून सांगा. मेट्रो स्थानकावर आणि विमानतळावर कार्ड दाखवून हाताने तपासणी मागा. मुंग्या जाणवणारी पद्धत असेल तर गाडी चालवताना ती बंद ठेवा.

खर्च काही लाखांत जातो आणि रिचार्ज होणारं यंत्र घेतलं तर दहा लाखांच्याही पुढे जाऊ शकतो. विमा कंपनीकडून मंजुरी लेखी घ्या. रुग्णालयाला विचारा: ट्रायलचा खर्च वेगळा किती, ट्रायल फसली तर किती पैसे वाचतात, तार सरकली तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा, यंत्राची सेटिंग बदलायला येणारा माणूस याच शहरात आहे का, की दर वेळी मुंबई-पुणे गाठावं लागेल. डॉक्टरांना विचारा: तुम्ही अशी किती यंत्रं बसवलीत आणि त्यांपैकी किती काढावी लागली. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

आणि ट्रायलच्या दुसऱ्याच दिवशी, बऱ्याच काळाने पाय शांत झाल्याच्या आनंदात, कायमच्या यंत्राच्या कागदावर सही करू नका. तार काढून घ्या, घरी जा, दोन्ही आठवड्यांच्या वह्या शेजारी ठेवून वाचा, घरच्यांनी लिहिलेलं वाचा, आणि मगच ठरवा.